मामाची पोर, खात्रीचं रक्त

पैज लावा, राजाभाऊ! गोष्ट माझी, शेवट तुम्ही ओळखायचा. ओळखलात तर तुमचा हा पेढ्यांचा डबा इथंच बसून एकट्यानं संपवतो — शुगर असून! नाही ओळखलात तर तुमच्या पोराचं, सुगतचं, रक्त तपासायला पाठवायचं. अहो, उठता कुठं? बसा. तिकडं बाल्कनीत आमची नात समता तुमच्या मिसेसना तेच सांगतेय — आंटी, मी सिकलसेलची अर्धी आहे, आधी सुगतचा रिपोर्ट, मग साखरपुडा. मला मात्र सुनेची ताकीद आहे — बाबा, पाहुण्यांसमोर मस्करी करायची नाही. मी कुठं करतोय? हां, आल्या आल्या तुम्हाला लिफ्ट बंद आहे म्हणून पाच मजले चढायला लावलं, ती मस्करी. लिफ्ट चालू होती. पण हे नाही.

काय म्हणता, आमच्यात असलं काही नाही? अच्छा! बघितलंय कोणी? पत्रिका आपण बघत नाही, चांगलंच आहे, पण रक्त बघायला काय होतं? आणि अर्धी म्हणजे आजारी नव्हे हो. गुडगावच्या कंपनीत रात्रपाळी करते, तुमच्या सुगतच्याच मजल्यावर, कधी डोकं दुखलं म्हणून रजा नाही. मला शाळेचं काही येत नाही, मी दफ्तरी होतो, फायली उचलायचो, वाचायचो नाही — पण पत्ते येतात. तसंच आहे बघा ते. पोर व्हायच्या वेळी आई हातातल्या दोन पानांतलं एक टाकते, बाप त्याच्या दोनांतलं एक टाकतो. एक वाईट, एक चांगलं — पोर अर्धं, पण मजेत. दोन्ही वाईट पडली — की रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, अडकतात, आणि पोर किंचाळतं. आणि दर पोराला नवा डाव! मागच्या वेळी हरलो म्हणून या वेळी जिंकू, असं नसतं. खालच्या मजल्यावरच्या खुरानांच्या मुलाला दर महिन्याला रक्त चढवतात, तो आजार वेगळा, त्यांचा तो थॅलेसेमिया — पण डाव हाच.

तर आम्ही तेव्हा दिल्लीत, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरात. ही प्रेमला, माझी सून, मंत्रालयात क्लार्क, क्वार्टर तिच्याच नावावर. मुलगा सुधाकर. नातू जयेश — गेला. सहा वर्षांचा होऊन गेला. हात सुजायचे, पोट दुखायचं, आम्ही कधी दृष्ट काढायचो, कधी ओवा द्यायचो... जाऊ द्या. डॉक्टरनं दोघांना समोर बसवून सांगितलं — अर्धं आईकडून, अर्धं बापाकडून, त्याशिवाय हे होतच नाही. कोणी ऐकलं? माझी भीमाबाई म्हणाली, आमच्या घराण्यात नाही, सून घेऊन आली. सुधाकर म्हणाला, डॉक्टर नवीन आहे. पुरुषाच्या रक्तात खोट कशी असेल, यार! बायको बदलली की संपलं.

मग मी काय केलं? गुपचूप जाऊन स्वतःचं रक्त दिलं. मी निघालो चोख! अहो, क्वार्टरांच्या प्रत्येक ब्लॉकमध्ये जिलेबी वाटली, ढोलवाला आणला, भीमाबाईसमोर नाचलो — मी चोख, मी चोख! शेजारचे सरदारजी विचारायला आले, बाबूजी, पोता हुआ क्या? खूप मजा आली. पण मस्करीत हिशोबपण होता — मी चोख, तर सुधाकरचं वाईट पान आलं कुठून? आईकडून! भीमाबाईकडून! आणि भीमाबाई पोरासाठी नवी बायको कोणती शोधत होती? सख्ख्या भावाची मुलगी. मीनाक्षी. मामाची पोर, हक्काची, घरातलं रक्त, खात्रीचं रक्त! मी ओरडून सांगितलं, अगं, ज्या गड्डीत वाईट पान आहे तिथूनच परत उचलतेस? त्या पोरीला आधी तपासा. सगळे हसले. बाबुराव आणि खरं बोलणार? ढोलावर नाचणारा माणूस! हसून हसून डोळे पुसले लोकांनी.

प्रेमला नाही हसली. तिनंच सही करून सुधाकरला मोकळा केला. म्हणाली, जा, घे खात्रीचं. तिच्या नावचं क्वार्टरही सोडून दिलं, समताला कडेवर घेतलं — आणि मी माझी पिशवी उचलून तिच्यामागून निघालो. लोक सुनेला घराबाहेर काढतात, मी सुनेबरोबर बाहेर पडलो! नातेवाईक आजही म्हणतात, म्हातारा फिरला. फिरू दे. इथं गाझियाबादेत सगळीकडे वाळू-विटा होत्या तेव्हा तिनं हप्त्यानं हा फ्लॅट घेतला. दारावर पाटी कोणाची आहे, बघितलीत ना? प्रेमलाची. खाली लहान अक्षरात माझं नाव आहे म्हणतात, मला वाचता येत नाही, शिवीपण असेल.

हां, आता ओळखा. काय झालं पुढं? — काय? दुसरीला धडधाकट मूल झालं, आणि आम्ही इथं रडत बसलो? हरलात, राजाभाऊ! बिल्कुल हरलात! — नाही, हसत नाहीये मी. हे असंच होतं माझं तोंड.

मीनाक्षीची मुलगी. कादंबरी. फार उशिरा झालेली, आता नऊ वर्षांची. दोन्ही पानं तीच पडली. मी जातो अधूनमधून, प्रेमलाला न सांगता — म्हणजे तिला माहीत असतं, जाताना तीच डब्यात लाडू भरून देते. ते राहू द्या. तुम्ही आता उठा, जा, सुगतला उद्या उपाशीपोटी... नाही, उपाशी लागत नाही, चहा पिऊन पाठवा. दोघं अर्धे निघाले तर नाही कोण म्हणेल? माझी नात म्हणेल, तुम्ही नव्हे. डबा घेऊन जा. चपला तिकडं.

...खुब्याचं हाड गेलंय कादंबरीचं. पळता येत नाही. थंडीत शाळेची पोरं उन्हात खेळायला जातात ना, तेव्हा ती कडेला बसते, सगळ्या वर्गाची स्वेटरं मांडीवर घेऊन.