उसवलेली बाही

(दुपार. बहीण-भाऊ फोनवर.)

भाऊ : ताई, आई दिसली का, तेवढं सांग आधी.

बहीण : दिसली. कॉलनीच्या मागच्या भिंतीपलीकडे. मी आत, ती बाहेर. तिच्या पाठीशी मोठा रस्ता, ट्रक नुसते सुटलेत.

भाऊ : मग धर की तिला.

बहीण : भिंतीत इथं लोखंडी गज आहेत, त्यांतून दिसतेय. पलीकडे जायला फट नाही.

भाऊ : मी पुढच्या गेटवर आहे. पुलावरून वळसा घालून यायचं म्हणजे अर्धा तास सहज.

बहीण : आधी इथून बोळ सरळ तिच्या शिवणाच्या दुकानाशी निघायचा. हाकेच्या अंतरावर. आता दर कॉलनीला एकच तोंड, आणि सगळी तोंडं हायवेला.

भाऊ : बंदिस्त आहे, सुरक्षित आहे, म्हणूनच घेतलं ना घर?

बहीण : आहेच सुरक्षित. चोर बाहेर, आईही बाहेर. ठेव फोन, गाडी काढ.

आई : कोण गं बाई तू? किती बडबडतेस. मला दुकान उघडायचंय.

बहीण : कुठंय दुकान?

आई : हे काय, चार पावलांवर. ट्रक उभे केलेत मेल्यांनी दारात.

बहीण : थांबा. मी गिऱ्हाईक आहे. ही बाही उसवलीय, बघता जरा?

आई : दुकानात ये.

बहीण : गजांतून कशी येऊ? इथंच बघा. दुप्पट देईन.

आई : दुप्पट कबूल करणारं गिऱ्हाईक हमखास बुडवतं.

बहीण : बरं, निम्मे घ्या. पण इकडे या. मागे... मागे सरकू नका.

आई : एवढं काय घाबरायचं? बाही उसवलीय, जीव नाही गेला. आण हात बाहेर.

बहीण : हा घ्या.

आई : आता माझं मनगट का आवळलंस?

बहीण : चक्कर येतेय. राहू दे थोडा वेळ.

आई : धर मग. उपाशी निघाली असशील. शी, काय हे शिवण. लांब लांब टाके, शेवटी गाठ नाही. हा तर माझ्या पोरीचा हात. सांगून सांगून जीभ झिजली माझी.

बहीण : कुठं असते ती?

आई : येईलच इतक्यात. या बोळातूनच तर यायचंय तिला.