ती श्वासवाली बाई

हॅलो?…

हो, मीच… अगं मीच बोलतेय, ठमे, ठेवू नकोस… नाही, राँग नंबर नाही. आवाज असा येतोय कारण मी कामात होते. थांब, गळा मोकळा करते… हं. आता ओळखलंस बहिणीला?…

कुठे असणार, कपाटात… कपड्यांच्या कपाटात. दार लावून… बरी आहे गं मी! शेजारच्यांनी सकाळपासून भिंतीला भोकं पाडायला घेतलीत. घर आहे का चाळणी, देव जाणे. कपाटात बसून डोक्यावरून दोन रजया घेतल्या की माईकमध्ये तो आवाज येत नाही… घाम तर असा फुटलाय म्हणून सांगू!

तेच, त्या ध्यानाच्या ॲपचं रेकॉर्डिंग. 'मनःशांतीचे एकवीस दिवस'. आज चौदावा. 'स्वतःला हळुवार मिठी मारा'… कशी मारू? हात वर केला की हँगर लागतो डोक्याला…

हसू नकोस. कंपनीत ते लिहिणारं पोरगं तेवीस वर्षांचं आहे. लिहितं काय, 'तुमच्या आत एक निळं, शांत सरोवर आहे.' माझ्या आत ॲसिडिटी आहे. काल तो आवाज नीट करणारा म्हणाला, मॅडम, सरोवराच्या जागी पोटात गुरगुरल्याचा आवाज आलाय, परत करा. जेवून करा म्हणाला…

नाही जेवले. बिस्किटं खाल्ली… तू नको सुरू होऊस. लोकांना स्वतःची काळजी घ्या म्हणून सांगायचं काम आहे माझं. स्वतः घ्यायला वेळ कुठून आणू?… बरं, तू बोल. भर दुपारी तुझा फोन, म्हणजे काहीतरी आहे. आई ठीक आहे ना?…

तीन रात्री?… आणि दिवसा?… दिवसाही नाही?… मग गोळी दे की, डॉक्टरांनी दिलीय ना झोपेची… थुंकते?… उशीखाली?… किती सापडल्या?… शाबास. सत्तर वर्षांची बाई, आणि गोळ्या लपवते.

अगं पण दुखत असेल. खुब्याचं ऑपरेशन होऊन किती, दीड महिना झाला ना?… मग? डॉक्टर काय म्हणाले?… हं… हं… झोप नाही तर ताकद नाही, ताकद नाही तर चालणं नाही. आणि चालली नाही तर?… कायमची?… असं म्हणाले ते?…

नाही, ऐकतेय. ऐकतेय मी…

पण मी काय करू, ठमे? मी येऊन काय होणार? दवाखान्यात आले होते की नाही मी? तूच होतीस. मला बघितलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग केलं. पाऊण तास! नर्स कौतुकाने म्हणते, बघा, किती छान झोप लागलीय. मी त्या पाठीकडे बघून परत आले. तुझ्याकडे राहायला जाऊन आठ महिने झाले तिला, एक शब्द नाही. मी आले तर होती नव्हती ती झोपही उडेल…

काय म्हणतेस? आधी लागायची?… मग तीन दिवसांपूर्वी काय झालं?… बादलीत?… तिचा अख्खा फोन?… बरं, मग नवा आणलात ना… हो… हो… अगं ऐक ना, फोनचा आणि झोपेचा काय संबंध?…

कानात घालून?… रोज? कधीपासून?… आपली आई? जिला रेडिओसुद्धा कटकट वाटायचा?…

कोण बाई?…

कुठली श्वासवाली बाई?…

…

ठमे.

नाही, थट्टा करतेयस तू… शपथ?… तू स्वतः ऐकलंस?… फुकटचं एक मिनिट लागलं, आणि?… 'डोळे अलगद मिटा.' हो. मीच ती. सातवा दिवस. तेव्हा मला सर्दी झाली होती, म्हणून आवाज एवढा जड आलाय, लोकांना आवडला फार…

थांब, मला जरा बसू दे. बसलेलीच आहे म्हणा. दार उघडते, हवा येऊ दे…

मग लावून दे ना परत तिला… पासवर्ड?… तिला आठवत नाही. ते ॲप कुणी घालून दिलं होतं?… अच्छा, त्या व्यायाम घ्यायला येणाऱ्या मुलीने. म्हणजे तुम्हाला कुणाला पत्ताच नाही. आई रोज रात्री माझा आवाज कानात घालून झोपते, आणि पलीकडच्या खोलीतून तू मला फोन करून सांगतेस की ती माझं नाव काढू देत नाही. धन्य आहे आपलं घर!

एक सांग. नीट आठवून सांग. तिला माहीत आहे का, ती बाई म्हणजे मी?… तू विचारलंस?… मग काय म्हणाली?… शब्द काय होते, अगदी तिचे शब्द… 'बाई चांगली आहे. कुणाची तरी शहाणी मुलगी असेल.'

अगं टोमणा आहे तो! चाळीस वर्षं खाल्लेत मी, मला कळत नाही का? माहीत आहे तिला. चांगलं माहीत आहे… नाही, हसत नाहीये. मला काय होतंय ते माझं मलाच कळत नाहीये…

फाइल पाठवते ना. आत्ता पाठवते… आत्ता म्हणजे, ती कंपनीकडे आहे. त्या आवाजवाल्याला सांगावं लागेल, तो उद्या देईल… हो, कळतंय, आज चौथी रात्र. कळतंय गं…

काय?… आत्ता?… नाही. नाही नाही. तिने माझा आवाज ऐकला की कापेल फोन… त्या आवाजात?… वेडी आहेस का? आईला म्हणू, 'खांदे सैल सोडा'? मला हसू येईल. नाहीतर दुसरं काहीतरी येईल…

ठमे, तू तिथे नव्हतीस त्या रविवारी. मी कामावरून दमून आले, दार उघडलं, तर माझा घटस्फोटित नवरा माझ्या स्वयंपाकघरात सिंकखाली आडवा! नुसते पाय दिसतायत. आणि आई वर बॅटरी धरून उभी, म्हणते, नळ गळत होता, म्हटलं जावईबापूंना बोलवावं, चहाही होईल. जावईबापू! दोन वर्षं झाली होती कागद होऊन. माझं डोकंच सटकलं…

हो, बोलले. त्याच्यादेखत बोलले. या घरात मला शांतता हवी असेल तर आधी तुला बाहेर काढायला हवं… हेच शब्द. मला पाठ आहेत. तिने बॅटरी बंद केली, जागेवर ठेवली आणि बॅग भरली. तो बिचारा सिंकखालून निघेना. त्यालाही वाटलं असेल, इथेच बरं आहे…

नाही, ठमे… ऐक… अगं तिला आधी विचार तरी… ठमे, फोन तिच्या कानाला लावू नको हां, मी सांगतेय, मी तयार नाही… ठमे?…

…

…

नमस्कार.

आता… आरामात पडून राहा. डोळे अलगद मिटा. आजूबाजूला काही आवाज असतील. भिंतीला भोकं पाडल्याचे असतील. असू द्या.

एक खोल श्वास आत घ्या… आणि सावकाश बाहेर सोडा…

आता लक्ष गुडघ्यांकडे… हो?… आधी बोटं?… बरोबर. आधी पायाची बोटं. मग घोटे. तुमचं चांगलं पाठ आहे…

बोटं सैल… घोटे सैल… आता डावा गुडघा… बरं, डाव्या बाजूला ऑपरेशन आहे, तिकडे जायला नको. उजवा गुडघा. सैल सोडा…

आता मनात काही विचार येतील. येऊ द्या. कदाचित एका मुलीचा विचार येईल. ती मुलगी वाईट नाही. तोंडाळ आहे. हा गुण तिने कुणाकडून घेतला, याचा आत्ता विचार करू नका… श्वास चालू असताना हसू नये. पोटाला हिसका बसतो.

श्वास आत घेताना आठवा, नळ गळत होता… श्वास सोडताना आठवा, जगात प्लंबर असतात… काय?… प्लंबर दहा दिवस आला नाही. मान्य. आता हा विचार ढगासारखा पुढे जाऊ द्या… जाऊ द्या म्हटलं ना. धरून ठेवू नका.

मांड्या सैल… कंबर, जमेल तेवढी…

त्या दिवशी ती मुलगी एक वाक्य बोलली. तिला शांतता हवी होती. मिळाली तिला. आठ महिने भरपूर मिळाली. आता तिच्या हातून भांडं पडलं, तर 'काय पाडलंस गं' म्हणून आतून कुणी ओरडत नाही. ती जेवली की नाही, कुणी विचारत नाही. उशीर झाला तर कुणी दार उघडून उभं नसतं. इतकी शांतता आहे, की ती कपाटात बसून अनोळखी माणसांना सांगते, तुम्ही एकटे नाही…

श्वास घ्या… मीही घेते…

तिचं चुकलं. तिला पहिल्याच रात्री कळलं होतं. पण आई, तिला वाटलं, आधी समोरून फोन येईल. आणि ती वाट बघत बसली. तिला माहीत नव्हतं की समोरचं माणूस रोज रात्री तिला ऐकतंय…

आता हात… बोटं… सगळं सैल…

…

झोपलीस?…

जागी आहेस. बरं… काय?… कुणाचं चुकलं म्हणजे? सांगितलं ना, त्या मुलीचं… कुठल्या मुलीचं?…

कुठला आवाज?… हा नको?… मग कुठला?…

…

माझं. माझं चुकलं, आई… हो, आता हा माझाच आहे, असाच आहे तो, फाटका. तू माझ्या घरातून जावंस असं मला कधीही वाटलं नव्हतं. रागात बोलले. बोलायला नको होतं, त्याच्यादेखत तर मुळीच नको होतं… हो, रडतेय. मग? तूही रडतेयस, मला काय ऐकू येत नाही?…

हं… हं… नाही, एकदम कबूल… हो, तूही बोलवायला नको होतंस… नाही, भांडत नाहीये. तू म्हणालीस म्हणून मी हो म्हटलं फक्त…

ये ना. पाय टेकता आला की ये… त्यासाठी झोपावं लागेल पण. आणि ती गोळी गिळावी लागेल… बरं, नको गोळी. आज नको…

आता?… पुढचं?… कुठे होतो आपण?… हात झाले. मग खांदे. खांदे सोड, आई, कानापर्यंत चढवून ठेवतेस नेहमी… मान… कपाळाला आठ्या असतील, त्या काढ… नाही, त्या आवाजात नाही म्हणणार. हाच ऐक… जबडा. दात आवळू नकोस… हां… सगळं नीट होणार आहे. मी शनिवारी येतेय. यावेळी भिंतीकडे तोंड केलंस तर भिंतीच्या बाजूला येऊन बसेन… श्वास घे… सोड…

…

आई?…

…

कोण, ठमे?… हळू बोल. झोपली?… खरंच? सोंग नाही ना, नीट बघ, ती पटाईत आहे… तोंड उघडं आहे?… मग खरं…

अगं थांब, कापू नकोस. उशाशी ठेव फोन तसाच… आहे ना वेळ. चौदावा दिवस गेला खड्ड्यात… नाही, मला काही बोलायचं नाहीये. घोरतेय ती, ऐकू येतंय मला…

आता तू गप्प बस, ठमे. ऐकू दे जरा.