एक घंटी थांबा, दोन घंट्या चला

माहं गाव मूर्तिजापूरच्या अंगाले, जिथून पहिले शकुंतला जाये, लहान रुळावरची गाडी. माहा बाप सांगे का ती इतकी निवांत चाले का माणूस खाली उतरून बोरं तोडून पुन्हा चढे, खरं खोटं त्याचं त्याले माहीत. बाप मजुरीले, माय मजुरीले, आमी तिघी बहिणी. शिकलो मात्र तिघीबी. आमी बौद्ध, आमच्यात पोरीच्या हातातली पाटी घेऊन खुरपं देलं तं मोहल्ल्यात तोंड दाखवता येत नाई, माय तेच म्हणे, उपाशी झोप पण शाळेत जाय. बारावी झाली, कंडक्टरची भरती निघाली, मी फारम भरला, लागली. नऊ वर्षं झाले. अकोला ते अमरावती, लाल गाडी, मधात बोरगाव, मूर्तिजापूर, बडनेरा. माहा आवाज आयकून राहिले ना तुमी, तो तवापासूनचा हाय, मी एकदा तिकीट म्हटलं का मागच्या सीटवरचा झोपेतला माणूस खिशात हात घालते. आन् ड्रायव्हर कितीबी जुना असो, माह्या एका घंटीनं थांबते आन् दोन घंट्यानं चालते, वाद नाई. हे ध्यानात ठेवा, पुढं लागंन.

लग्न करून अकोल्याले आली. नवऱ्याचं मोटार वायंडिंगचं दुकान हाय, पाण्याच्या मोटारी जळल्या का लोकं त्याच्याजोळ आणतेत. माणूस साजरा, बोलते कमी, त्याच्या वाट्याचं सारं त्याच्या मायनंच बोलून टाकलं हाय. तिले मी आई म्हणतो. शांताबाई नाव, पण शांत ती फक्त विहारात वंदनेले बसते तवढा येळ.

पहिल्या खेपेले दिवस गेले तवा मी ड्यूटीवर होती. तिसरा महिना चालू होता. रयवार, माही सुटी, मी समोरच्या खोलीत तुरीची दाळ निवडून राहिली होती, बसून, बरं का ताई, बसून होती मी, आन् कंबरेत कळ आली आन् दिवस मावळेपर्यंत सारं संपलं. दवाखान्यातून घरी आली तं येणारी जाणारी एकच गोष्ट बोले, गाडीचे धक्के लागले. मी म्हणायची, अवं पण मी तं दाळ निवडत होती. तं म्हणत, त्या दिवशीचे नाई, आधीचे धक्के अंदर साचले असतीन. आता धक्के साचतेत का कुठी, पण काय सांगू तुमाले, वरून मी असं तोंड वाजवायची आन् आतून मलेबी तेच वाटे. पुन्हा ड्यूटीवर गेली तं गाडी जरा उसळली का माहा हात पोटावर जाये. पोटात काही नाई, तरी जाये. लय रडली मी त्या दिवसांत, पण गाडीत नाई, गाडीत माणूस रडलं का तिकीट चुकते.

दीड वर्षानं पुन्हा दिवस गेले. डेपोनं मले हलकं काम देलं, खिडकीवर बसायचं, पण आईनं म्हटलं, खिडकी नाई आन् दार नाई, सुटी टाक. बाज टाकली पंख्याखाली, म्हणे पाय खाली लावायचा नाई. न्हाणीपर्यंत जायचं तं ती हात धरून नेये. मी कोणाचं आयकणारी बाई नाई, पण तवा आयकलं, कारण भ्यायली होती. वाटे का आपण हाललो आन् गेलं, तं मंग काय जवाब देणार, साऱ्याइले आन् सोताले. अडीच महिने मी त्या बाजीवर काढले. पंख्याच्या पात्यावरचा मळ पाठ झाला. पाय काडीवानी झाले, पाठ दुखे, पोट साफ होये नाई, झोप लागे नाई, आन् डोक्शात नुसता तोच इचार, आज राहिलं, उद्या राहीन का.

चौथा महिना लागला तवा तपासाले गेलो. डॉक्टरीण बाईनं सोनोग्राफी पाह्यली, म्हणे सारं चांगलं हाय. मंग मले टेबलावरून उतरताना पाह्यलं, भित धरून उतरली मी, तं म्हणे हे काय, तुले झोपून राहा असं कोणी सांगतलं. आई म्हणे मी सांगतलं, पहिलं गाडीच्या धक्क्यानं गेलं ना. डॉक्टरीण बाईनं पेन खाली ठेवला. म्हणे आजी, रक्त जाऊन राहिलं असतं, पिशवीचं तोंड उघडलं असतं, वार खाली सरकली असती, तं मीच हिले थांबवलं असतं, हिले त्यातलं एकबी नाई, हिनं चाललं पाहिजे. आन् पहिलं गाडीनं नाई गेलं. सुरुवातीच्या तीन महिन्यांत जातेत त्यातले बहुतेक असे असतेत का बी रुजतानाच अधुरं रुजते, ते वाढणारच नसते, माय झोपली असती तरी गेलं असतं आन् चालली असती तरी गेलं असतं, त्याच्यात माय काही करत नाई.

मी आयकून राहिली होती, माह्या छातीवरचा पाटा कोणीतरी उचलला असं वाटून राहिलं होतं. आन् बाजूले पाह्यलं तं आई. आईचा आवाज असा बारीक मी कधी आयकला नव्हता. ती म्हणे, बाई, पऱ्हाट्याचा भारा उचलला तं.

डॉक्टरीण बाईले कळलं नाई, म्हणे कोणी उचलला. आई म्हणे, मी. छत्तीस वर्षं झाले. कापसाच्या वाळल्या काड्या, जळणासाठी वावरातून घरी आणल्या होत्या डोक्शावर, तिसऱ्या दिवशी गेलं, दुसराच महिना होता, सासू म्हणे तुह्याच हातानं घालवलं. डॉक्टरीण बाई उठून तिच्या जोळ येऊन बसली. म्हणे आजी, त्या काळचं मी पाह्यलं नाई, पण इतक्या लवकर गेलं म्हणजे ते बहुतेक आधीच अधुरं होतं, भारा नसता तरी राहिलं नसतं, तुमच्या हातानं नाई गेलं. बाहेर आल्यावर आई बाकड्यावर बसली, पदरानं तोंड पुसलं, मंग म्हणे, चाल, रस पिऊ. उसाचा रस पिली आन् ग्लास ठेवून म्हणे, दोन लेकरं झाले मले त्याच्यामागून, पण दर खेपेले मले वाटे का मी खुनी हाय. तिच्या पोराले, माह्या नवऱ्याले, हे आजपर्यंत माहीत नाई, का त्याच्या मायनं छत्तीस वर्षं हे पोटात ठेवलं. मंग मले समजलं का मले बाजीले कोणी बांधलं होतं. तिच्या भ्यानं बांधलं होतं. तिचा राग माह्या मनातून तिथंच गेला.

आता चालायचं तं ठरलं, पण साऱ्याइनं आपापला सल्ला देला. माही नणंद अमरावतीले राह्यते, क्लासमधी शिकवते, तिनं मोबाइलवर व्हिडिओ पाठवले, एक गोरी बाई एवढं पोट घेऊन उड्या मारून राहिली. शेजारीण म्हणे उकिडवं बसून फरशी पुस, जातं ओढ, म्हणजे बाळंतपणात सहज मोकळी होशीन. एकजण म्हणे पोटावरचे योगासनं कर. मी सारे कागदावर लिहिले आन् डॉक्टरीण बाईले नेऊन दाखवले. ती हासली. म्हणे उड्या नाई, पडायची भीती ज्याच्यात हाय ते नाई, पोट दबते ते नाई, श्वास कोंडून जोर लावायचा नाई, आन् आता उताणं पडून काही करायचं नाई. हे तुह्यापुरतं सांगून राहिली, दुसरीले मी दुसरं सांगीन. तुह्यासाठी चालणं. खुर्चीवरून उठबस, धरून. भितीले पाठ लावून हात वर खाली. मी म्हटलं किती जोरानं चालू. तं म्हणे चालताना बोलता आलं पाहिजे, धाप लागून बोलणं तुटलं का तुहा जोर जास्त झाला. मले हासू आलं. म्हटलं बाई, आठ वर्षं चालता चालता बोलायचाच पगार घेऊन राहिली मी.

आमच्या मोहल्ल्यातल्या विहाराचं आवार साजरं हाय, फरशी सपाट, कडुनिंबाची सावली. सकाळी पाच वाजता आमी दोघी जायचो. आई बाजूनं चाले आन् बोले. मी उत्तर देत जायची, आन् उत्तर देता देता भांडणबी होये, भाजीत मीठ जास्त झाल्यावरून, नणंदेच्या नवऱ्यावरून, आन् भांडण नीट जमून राहिलं म्हणजे चाल बराबर. महिन्याभरात माही पाठदुखी थांबली, झोप येऊ लागली, पाय पुन्हा माहे झाले. मंग मले माज चढला.

चूक सांगतो. नणंदेनं सांगतलं होतं का दिवसाले दहा हजार पावलं मोबाइलात भरले पाहिजेत. डॉक्टरीण बाईनं असं काही सांगतलं नव्हतं, पण आमी कंडक्टर लोकं, आमच्या डोक्शात फेरी. नऊ वर्षांत माह्यामुळं एकबी फेरी रद्द झाली नाई, पाऊस असो का ताप असो, अमरावती म्हणजे अमरावती. सहावा महिना, एप्रिल लागला. अकोल्याचं ऊन तुमाले माहीत हाय, दिवस कलल्यावरबी फरशी तव्यावानी राह्यते. त्या दिवशी सकाळी जाणं झालं नव्हतं, तं मी संध्याकाळी निघाली. आई म्हणे बस झालं, तुह्यानं बोलणं होऊन नाई राहिलं. मी म्हटलं दोनच फेऱ्या राहिल्या. तिसऱ्या वळणावर डोळ्यापुढं अंधारी आली, नळाचा खांब धरला, आन् पोट असं टणक झालं का हात लावला तं दगड.

ताई, तवा माह्या डोक्शात एकच गोष्ट आली. आता मी सोताच केलं. आता कोणी काही म्हणो, मीच केलं.

आईनं मले धरून कडुनिंबाखाली डाव्या कुशीवर झोपवलं, पाणी पाजलं, डॉक्टरीण बाईले फोन लावला, ऑटो बोलावला. मी वाट पाहून राहिली का आता ती म्हणते, मी सांगत होती ना. तिचा हक्कच होता. पण ती माह्या कपाळावरून हात फिरवत राहिली आन् म्हणे, काय होते ते मले माहीत नाई, पण जे होईन ते तुह्यानं होणार नाई, आयकून राहिली ना, तुह्यानं नाई. अजून कोणालेच काही माहीत नव्हतं ताई, लेकरू हाय का नाई तेबी माहीत नव्हतं, आन् ती मले आधीच मोकळं करून राहिली होती. मी रडली तवा. ऑटोत रडली, दवाखान्यात पोचेपर्यंत रडली.

ठोके आयकू आले. जोरात, एका लयीत. डॉक्टरीण बाई म्हणे उन्हानं झालं, पाणी कमी पडलं, माय आन् लेकरू दोघंबी चांगले हाय. मंग मले फैलावर घेतलं. म्हणे कोणं सांगतलं तुले दहा हजार, ही काय ड्यूटी हाय का फेऱ्या पूर्ण कराले, अंग नको म्हणलं का फेरी रद्द. रक्त गेलं, पाणी गेलं, पोटात कळ आली, चक्कर आली, का थांबायचं आन् मले फोन करायचा. मी मान खाली घालून आयकलं. वरिष्ठानं मेमो देल्यावर उभी राह्यतो तशी.

चार दिवस आराम केला. पाचव्या दिवशी सकाळी पुन्हा निघालो, आन् मी आईले म्हटलं, आजपासून तुमी कंडक्टर, मी ड्रायव्हर. मले थांबायचं कळत नाई. एक घंटी देली का थांबतो, दोन देल्या का चालतो, वाद नाई. तिले लय पसंत पडलं. घंटी कुठून आणणार, ती तोंडानंच टण म्हणे. टण म्हटलं का मी जिथं असंन तिथं थांबो, अर्ध्या वाक्यावर थांबो. कधी कधी तिचेच गुडघे दुखत म्हणून टण म्हणे, ते मले कळे, पण घंटी ते घंटी. मोबाइल घरीच ठेवायचो. नवव्या महिन्यात तं आवाराचा एकच चक्कर होये, आन् मंग पायरीवर बसून राहायचो, तेबी व्यायामातच धरायचो आमी.

पोट्टी झाली, पावणेतीन किलोची. सिझर झालं, खरं ते सांगतो. लोकं आलेच म्हणाले, इतकी चालली तरी फाडावंच लागलं. आई म्हणे, ती मोकळी होण्यासाठी नाई चालली, ती जिवंत राहण्यासाठी चालली. मंग त्या बायाइनं चहा पिला आन् गेल्या.

आता मी पुन्हा गाडीवर हाय, सकाळची ड्यूटी मागून घेतली. पोट्टी दहा महिन्याची झाली, भित धरून उभी राह्यते, आई समोर बसून टण टण म्हणते तं एक पाय टाकते आन् आपटते. मले काळजी वाटत नाई, आपटू दे, आपटल्यानं लेकरू जात नाई, हे आता आमच्या घरात साऱ्याइले समजलं हाय.

मागच्या आठवड्यात मी ड्यूटीवरून आली, आईले पाहाले विहारात गेली, तं पायरीवर आमच्या गल्लीतली रंजना बसून रडून राहिली होती. नवी नवरी हाय, दुसऱ्या महिन्यात गेलं तिचं. आईले सांगून राहिली होती का मावशी, मी पाण्याचा ड्रम सरकवला होता. आईनं पोट्टी माह्याजोळ देली आन् तिच्या बाजूले बसली. म्हणे पोरी, तुह्यानं नाई झालं ते. मले हे कळाले छत्तीस वर्षं लागले, तू आजच आयक. तुहं भलं होईन. लय येळ बसून राहिल्या दोघी, वंदनेची येळ झाली, लोकं येऊ लागले. मंग आई उठली, गुडघ्यावर हात ठेवून उठली, तिच्या पुढं हात केला आन् म्हणे, टण टण. रंजनाले काय माहीत घंटीचं. पण ती उठली.