मावशीच्या मोज्यातली काडी

...आणि वर मावशी मलाच म्हणते, "एवढ्याशा काडीने काय होतंय!" अहो, बंदरावर परदेशातून येणारी झाडंझुडपं अडवणारा माणूस मी, माझं पोट त्या काडीवर चालतं! सामानातून बी, पान, फळ, माती, जे निघेल ते भट्टीत घालायचं. का? तर कुणीतरी कौतुकाने आणलेल्या एका वेलीने आमच्याकडचं अख्खं तळं गिळलंय, होडी सरकत नाही! तोही तेव्हा हेच म्हणाला असणार... एवढ्याशा काडीने काय होतंय!

तर पृथ्वीच्या पार त्या टोकाला, लेकीकडे राहणारी माझी सख्खी मावशी गेल्या आठवड्यात बोटीने आली. मागे ही लांब रांग. मी बॅग उघडतो, लोकरी मोज्यात हात घालतो आणि... तुम्हाला सांगतो, काय निघावं! ओल्या फडक्यात गुंडाळलेली हिरवीगार काडी!

"मावशी, हे काय?"

"तुझ्या काकांनी लावलेल्या झाडाची आहे रे. ते गेले, तिकडचं घरही विकलं. एवढीच उरली. ताईच्या अंगणात लावीन म्हटलं."

आता सांगा, हळूच खिशात घालावीशी वाटणार नाही? पण पाठीमागे साहेब उभा! म्हटलं, "परकं झाड चालत नाही, मावशी."

"परकं?" असा आवाज चढला! "आणि तुझ्या डब्यातला बटाटा? टोमॅटो? मिरची? सगळी तिकडचीच! ती समुद्र ओलांडून आली, तेव्हा कुठे होतास?"

मिरची? मिरची आपली नाही? मी साहेबाकडे बघितलं, तर साहेबाने मान खाली घातली! इतकी वर्षं या टेबलावर बसतोय, एकाने सांगू नये? रांगेतला एक आगाऊ म्हणतो, "तंबाखूही तिकडचीच बरं का!" म्हणजे साहेबाच्या गालातसुद्धा परदेश!

पण नियम म्हणजे नियम. घातली काडी भट्टीत. मावशीने रिकामा मोजा डोळ्यांना लावला. खरं सांगतो, माझी मलाच लाज वाटली.

घरी आई कडाडली, "माझ्या बहिणीला रडवलंस? पूस तिचे डोळे!" पुसले. माझ्याच रुमालाने. मग मला रडू फुटलं, त्याच रुमालाने मी पुसले, मग आईने... एवढ्याशा रुमालाने काय होतंय!

दोन दिवसांत तिघांचे डोळे लालभडक! पापणी पापणीला चिकटलेली! डॉक्टर दारातूनच म्हणाले, "डोळ्यांची ही साथ इकडची नाही. बोटीने आलेली दिसतेय."

बोटीने! म्हणजे माझ्याच टेबलासमोरून, ऐटीत चालत! आणि तोवर मी कचेरीत जाऊन साहेबाच्या डबीतली तंबाखूही मळली होती हो...

आज अख्खी कचेरी काळे चष्मे लावून बसलीय. कुणाला काही दिसत नाही, रांग आपली खुशाल आत चाललीय, कोण मोज्यातून काय आणतंय देव जाणे! आणि साहेब भिंतीकडे तोंड करून मला झापतोय, "बाईंच्या सामानातलं सगळं जाळलं होतंत ना?"

जाळलं हो साहेब. सामानातलं सगळं जाळलं. आता मावशीला कुठल्या भट्टीत घालू?