लेप वाळेपर्यंत

नाही नाही, बोलू नका — हसूही नका, लेपाला चीर जाते आणि मग आमच्या पोरीनं एवढ्या निगुतीनं लावलेलं सगळं फुकट. डोळ्यांवरचा कापूसही असू दे. पोरगी जेवायला गेलीय, वाळेपर्यंत मी बसते तुमच्यापाशी. पार्लर माझंच — आत्ताच आले घरून, नातीला सोडायला जावं लागलं, तमाशाच तसा झाला ना सकाळी. तुम्ही मॉलच्या मोठ्या दारातून आलात? मग तो स्टॉल पाहिलाच असेल — पिवळ्या टोप्या, फुगे आणि वर पाटी, 'तुमच्या मुलाचं ओळखपत्र, मोफत'. फोटो काढतात, दहाही बोटांचे ठसे घेतात, मूल हरवलं तर पोलिसांना पटकन देता यावं म्हणून. आणि रांगेत कोण, तर आमची सूनबाई, नातीला घेऊन. मी एकीचे केस अर्धे कापून तशीच धावले, हातात कात्री — लोक बाजूलाच झाले की हो.

म्हटलं, तुम्ही कोणाची माणसं? पोलिसांची? नाही. शाळेची? नाही. आम्ही मुलांसाठी काम करतो, म्हणाली ती टेबलावरची बाई. अहो, मुलांसाठी तर फुगेवालाही काम करतो, त्याला कोणी घरचा पत्ता देतं का? पण गोड होती हं — टोपी पार भुवयांपर्यंत ओढलेली, आणि हसली की समोरच्या दोन दातांत ही एवढी फट. तिच्यावर रागवायचं तरी कसं? कार्ड आमच्याकडेच राहणार ना, विचारलं. तर हो, कार्ड तुमच्याकडे — आणि एक प्रत आमच्या कॉम्प्युटरवर. झालं, तिथंच माझं डोकं सणकलं. प्रत कशाला? कोण बघणार ती? उद्या तुम्ही टेबल गुंडाळून गेलात की आम्ही कोणाच्या नावानं बोंब मारायची? तर ती आपली हसतेय नुसती. मी नातीचं मनगट धरलं आणि काढली तिला रांगेतून. सूनबाई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. चारचौघांत शोभा केलीत, म्हणाली, आई तिची मी आहे.

आहेच. ते काय मला कळत नाही? तिचा जीव घाबरतो, चार पावलं पोर पुढे गेली तरी हाका मारते. मी सांगितलं, बाई गं, ठसेच हवेत ना, आपण घरी घेऊ — शाईचं पॅड आणू, कोऱ्या कागदावर बोटं उमटवू, फोटो लावू, ठेवू कपाटात. लागलं तर आपण देऊ. पण रागात कोण ऐकतंय. आणि खरं सांगू — माझंच चुकलं असेल तर? ती माणसं भली असतील आणि मी उगाच घर पेटवून बसले असेन तर? सकाळपासून हेच डोक्यात घोळतंय हो.

पण एक आहे, नातीच्या बाबतीत मी पक्की. अनोळखी माणसाला एक अक्षर कळू देत नाही. आमची भोपळी — घरात भोपळीच म्हणतो, गाल तसे आहेत ना — ती ह्या मॉलमागच्याच निळ्या शाळेत. पुढच्या फाटकावर ही गर्दी, म्हणून मी तिला मागच्या फाटकावर थांबायला शिकवलंय. कधी इथं एखादीच्या डोक्याला रंग लावलेला असतो, मला उशीर होतो, मग बसते बिचारी एकटीच पायरीवर — पण काळजी नाही, आमचा खुणेचा शब्द आहे. 'उलटी छत्री'. जो तो शब्द सांगेल त्याच्याबरोबरच यायचं. सूनबाईचीच युक्ती. घराबाहेर कोणालाही ठाऊक नाही तो.

वाळला बघा. थांबा, ओल्या रुमालानं पुसते — कपाळ... गाल... किती उजळलात हो. आता हसा खुशाल.

अगं बाई.

ती फट. तुम्हीच की त्या.

म्हणजे मघापासून मी... पायरीसकट. आमचे हे म्हणतात ते खोटं नाही, माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. आणि तुम्ही तरी कशा हो, हूं की चूं नाही — हां, मीच बोलू देत नव्हते.

नाही, आता उठायची घाई नको. एकच विचारते, टोपी नाहीये डोक्यावर, तेव्हा खरं सांगा. ती प्रत कुठं जाते? तुम्हालाही नाही माहीत? बरं. मूल आहे तुम्हाला? मुलगा. केवढा? आमच्या भोपळीएवढाच. मग त्याचे ठसे दिलेत तुमच्या कॉम्प्युटरला?

मान कशाला खाली घालता. मी रागावले नाही — उलट मघापासून छातीवर होतं ते उतरलं बघा. हे सूनबाईला सांगते, आज रात्री एका टेबलावर जेवू आम्ही. तुम्हीही घरी गेलात की शाईचं पॅड घ्या, कोरा कागद घ्या, आणि उद्या तुमच्या साहेबाला विचारा, प्रत कुठं जाते म्हणून.

आणि मी आता पहिल्यांदा तो शब्द बदलणार. नवा आधीच सुचलाय मला, भोपळीला आवडेल असा — 'लंगडा हत्—'

उठा बघू तुम्ही. झालं तुमचं.