भिंतीवरचं चिबडाचं बी

माझं माहेर कणकवलीच्या आत, एसटी दिवसातून एकदा जाणारं गाव, आणि पावसाळ्यात आमच्या परड्यात बघाल तिकडे चिबूड. चिबूड ठाऊक आहे ना? खरबुजाचा गावाकडचा भाऊ म्हणा. पिकला की आपसूक फुटतो आणि वास असा सुटतो की शेजारीण न बोलावता येते. काय सांगू तुम्हाला, गूळ आणि नारळाचा रस घालून आये द्यायची, आम्ही भावंडं वाडग्यावरून भांडायचो.

लग्न करून नाहूरला आले तेव्हा आयेनं साड्या बेताच्या दिल्या पण बी भरपूर दिलं. म्हणाली, बियाणा ऱ्हवला तर म्हायार ऱ्हवला गो चेडवा. आमचं घर तळमजल्याला, मागं कंपाउंडपर्यंत चिंचोळी जागा, तिथंच दरवर्षी लावायचे. वेली भिंतीवर चढवायच्या, फळांना जुन्या ओढणीची झोळी बांधायची. पहिला चिबूड गणपतीच्या माटवीला, म्हणजे मूर्तीवरच्या फळाफुलांच्या चौकटीला टांगायचा, दुसरा समोरच्या हंसाबेनला. आये गेली, पण ऑगस्टात तो वास आला की वाटायचं, आहे इथंच कुठंतरी.

आता बी ठेवायची आमची पद्धत अशी की राखेत घोळून भिंतीला थापायचं, कीड लागत नाही. इथं राख कुठली, तर इस्त्रीवाल्याकडून मागून आणायची. स्वयंपाकघराच्या भिंतीवर वर्षभर तो काळा पट्टा. सून कुरकुरायची, पण हात लावायची नाही, बिचारी.

गेल्या मे महिन्यात लेक बाळंत झाली मानखुर्दला, म्हणून तिच्याकडे राहिले. परत आले तर मुलगा दारातच हसतोय, आई, सरप्राइज! अख्खं घर रंगवलेलं. स्वयंपाकघरात गेले, भिंत गुळगुळीत, पिवळीधमक. रंगाऱ्यानं सगळं खरवडून काढलं होतं.

मग तोंड सुटलं माझं. नको नको ते बोलले त्याला. तोही वैतागला, अगं आई, बाजारात पाकीट मिळतं ना बियाचं, आणतो मी. म्हटलं, माझ्या आयेचं पाकीट कुठल्या बाजारात मिळतं रे?

गावी फोन केला. वहिनी म्हणाली, वन्सं, परड्यात आता काजूची कलमं, चिबूड कोण लावतंय? मग एकदम हंसाबेन आठवल्या. धावत गेले. म्हटलं, चिबडाचं बी टाकता काय हो तुम्ही? त्या म्हणाल्या, टाकते कशाला ताई, दर वर्षी धुऊन सुकवते. माझा जीव भांड्यात पडला. त्यांनी बरणी काढून हातात दिली. उघडली, तर ओव्याचा वास. मीठ लावून भाजलेलं, मुखवासाला. त्या घाबरून बघतच राहिल्या, काय झालं ताई, काय झालं.

एक दाणा तोंडात टाकला. खरं सांगू, रडले मी तिथं, त्यांच्या सोफ्यावर.

भाजलेलं उगवत नाही, हे शेतकऱ्याच्या लेकीला कुणी सांगायला हवं का? तरी यंदा पाऊस धरला तशी त्यातलं मूठभर मागून आणलं आणि मागं पेरलं. सून म्हणते, आई, कशाला रोज वाकून बघता? बघते आपली. तुमच्या गावाकडे कुणाच्या परड्यात असेल चिबूड, तर सांभाळा म्हणावं त्याला. देव त्याचं भलं करो.