खोक्यातला नवरंग

त्या दिवशी आमच्या आकुर्डीत धुकं असं दाटलेलं, की कंपनीची बस हॉर्न वाजवतच आली. तेवढ्यात जिन्याच्या काचेवर काहीतरी आपटलं. बघतो तर मूठभर पाखरू पडलेलं. हिरवी पाठ, निळे पंख, शेपटीखाली लाल. डोळे मिटलेले, छाती तेवढी हलत होती.

शेजारचा सुभाष रातपाळी करून येत होता. मोबाईलमधी बघून म्हणाला, "आप्पा, नवरंग हाय हा. पावसाळ्यात इकडं पिल्लं काढतो, थंडीला पार केरळाकडं जातो. वाटेत धडकला बिचारा."

"पाणी पाजू का?"

"नको, नाकात जाईल. अंधारात गप पडू द्या."

बुटाच्या खोक्यात ठेवला नि मी शेजारीच बसलो. सून जेवायला बोलवून दमली. सुभाष झोपायचं सोडून सारखा डोकवायचा नि हसायचा, "पाखरासाठी उपास धरला व्हय आप्पा?"

उन्हं कलल्यावर खोक्यात खुडबुड झाली. गच्चीवर नेऊन झाकण काढलं. नवरंगानं काठावर बसून आमच्याकडं बघितलं नि भुर्रकन उडाला. माझ्या जिवात जीव आला.

सुभाष म्हणाला, "चला आप्पा, आता जेवा. तुमच्यापायी मी बी सकाळपासून उपाशी हाय."